दोन रांगांच्या मधे : धालोवर आधारित रचना आणि पुस्तकाच्या प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५, फोंडा

प्रकल्पाचे दोन भाग आज कागदावर निश्चित केले. पहिला भाग म्हणजे बारा स्त्रियांचे गायन, व्हायोलिन, चेलो, हार्मोनियम, घुमट आणि शामेळ (गोव्याची मातीची चर्मवाद्ये) यांच्यासाठी सुमारे पंचवीस मिनिटांची रचना. दुसरा भाग म्हणजे संगीताच्या विद्यार्थ्यांसाठी मराठीतले पुस्तक. जगातल्या निरनिराळ्या लोकसंगीत-परंपरांतून संगीतकारांनी काय घेतले, कसे घेतले आणि घेताना काय मागे सोडले, हे त्यात उदाहरणांसह सांगायचे आहे. ही दोन्ही कामे एकाच वेळी करण्याचा आग्रह माझाच आहे, कारण लोकगीत हाताळताना होणाऱ्या चुका स्वतः केल्याशिवाय त्यांविषयी लिहिण्याचा अधिकार येत नाही असे मला वाटते.

रचनेचे तीन खंड ठरले आहेत: पहिला धालोवर, म्हणजे पौषाच्या रात्री गोव्यातल्या बायका अंगणात करतात त्या गाण्या-नाचावर, दुसरा मांडो आणि दुलपद या कोंकणी गीतप्रकारांवर, तिसरा घुमट-शामेळाच्या आरती-वादनावर. पौष सुरू असल्यामुळे सुरुवात धालोपासूनच करावी लागेल. ही संधी हुकली तर वर्षभर थांबावे लागेल.

११ जानेवारी

फोंडा तालुक्यातल्या एका वाड्यावरचा मांड, म्हणजे धालो खेळण्याची राखीव जागा. अंगण शेणाने सारवलेले होते, पलीकडे तुळस आणि तिच्यापाशी दिवा. जेवणखाण आटोपून बायका जमल्या तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले असतील. पौर्णिमा दोन दिवसांवर असल्याने चांदणे भरपूर होते. समोरासमोर दोन रांगा, प्रत्येकीत सहा जणी, शेजारणीच्या पाठीमागून हात गुंफलेले. एक रांग ओळ म्हणते, चार पावले पुढे येते, कमरेतून वाकते आणि मागे सरते. मग दुसरी रांग तीच ओळ घेते. मांडावर एकही वाद्य नव्हते. लय सांभाळली जात होती ती पावलांनी.

ध्वनिमुद्रणाची परवानगी आधी घेतली होती, तरी मांडावरच्या थोरल्या माईंनी दोन अटी घातल्या. मांड जागवण्याचे, म्हणजे देवीला बोलावण्याचे गीत मुद्रित करायचे नाही, आणि शेवटच्या रात्री मी यायचे नाही. दोन्ही अटी मान्य केल्या. मायक्रोफोन तुळशीच्या कट्ट्यावर, अलीकडच्या रांगेच्या टोकाशी ठेवला, कारण वायर तेवढीच पोचत होती. एकूण सात गाणी मिळाली.

१९ जानेवारी

पहिल्या गाण्याचे लेखन पूर्ण झाले. दोन्ही लिप्यांत, पाश्चात्त्य स्टाफ नोटेशन आणि हिंदुस्थानी संगीताची भातखंडे स्वरलिपी यांत, लिहितो आहे, कारण गोव्यातला विद्यार्थी कोणत्या दाराने संगीतात आला आहे ते आधी सांगता येत नाही. गाण्याची रचना विलक्षण निघाली. अलीकडची रांग बारा मात्रांची ओळ म्हणते, दोन मात्रा विश्रांती होते आणि पलीकडची रांग दहा मात्रांचे उत्तर देते. उत्तरात ओळीचा पहिला शब्द गळलेला आहे. बारा, दोन आणि दहा ही विषम मांडणी मला फार मोलाची वाटते. पहिल्या खंडाचा सगळा सांगाडा याच आकड्यांवर उभारावा असा विचार आहे.

२ फेब्रुवारी

पुस्तकाच्या हंगेरियन संगीतकार बेला बार्टोक यांच्यावरच्या प्रकरणाचे काम. १९०४ च्या उन्हाळ्यात एका मोलकरणीच्या तोंडून त्यांनी ट्रान्सिल्व्हेनियातले गाणे ऐकले आणि दिशा बदलली. १९०६ मध्ये संगीतकार झोल्तान कोदाय यांच्यासह वीस हंगेरियन लोकगीतांचा संग्रह काढला आणि त्याच सुमारास फोनोग्राफ (मेणाच्या सिलिंडरवर ध्वनिमुद्रण करणारे यंत्र) घेऊन खेडोपाडी हिंडायला सुरुवात केली. हंगेरियन, स्लोव्हाक आणि रुमानियन गाणी तर त्यांनी गोळा केलीच, पण १९१३ मध्ये अल्जीरियातल्या बिस्क्रा भागात आणि १९३६ मध्ये तुर्कस्तानातही ते पोचले. विद्यार्थ्यांना यापेक्षा महत्त्वाचे वाटेल ते त्यांनी १९३१ मध्ये मांडलेले वर्गीकरण. लोकसंगीत रचनेत तीन वाटांनी येते: मूळ चाल तशीच ठेवून तिला साथ देणे, तिच्यासारखी नवी चाल स्वतः रचणे, आणि चाल किंवा तिची नक्कल यांपैकी काहीच न घेता तिचा स्वभाव आपल्या भाषेत मुरवणे.

तिसरी वाट सर्वांत वरची असे शिकवण्याची प्रथा आहे. मला ते तितकेसे पटत नाही. पहिल्या वाटेवरच खरी परीक्षा होते, कारण तिथे मूळ चाल उघडी असते आणि आपण ती नीट ऐकली की नाही हे लपवता येत नाही. प्रकरणात हे मत माझे म्हणून स्पष्टपणे नोंदवले आहे.

त्यांच्या ‘मिक्रोकोस्मोस’ या १५३ पियानो-रचनांच्या मालेतील शेवटच्या सहा रचना बल्गेरियन लयीत आहेत. तिथे दोन आणि तीन मात्रांचे गट जोडून चार-दोन-तीन अशी आवर्तने होतात. माझे बारा-दोन-दहा शेजारी ठेवून एक परिच्छेद लिहिला. बरा उतरला आहे.

१६ फेब्रुवारी

लिथुएनियाच्या ईशान्य भागातील सुतार्तिनेस या स्त्रियांच्या गीतप्रकाराचे दिवसभर श्रवण केले. २०१० पासून हा प्रकार युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे. नावामागचे क्रियापद एकमत होणे, जुळणे या अर्थाचे आहे, आणि ऐकू येतात ते मात्र अगदी लगतचे दोन स्वर, सा आणि रे एकदम दाबल्यासारखे, एकमेकांना घासत जाणारे. आपला कान त्याला बेसूर म्हणेल. गाणाऱ्या बायकांच्या लेखी तेच जुळणे आहे. तिघींनी गायच्या प्रकारात एकीमागून एक तीच चाल उचलते, आणि कोणत्याही क्षणी दोन आवाज एकत्र चालू असतात.

ते घासणारे स्वर धालोच्या ओळींवर चढवून पाहिले. हार्मोनियमवर परिणाम जबरदस्त येतो. खंडाच्या मध्यभागी ठेवले आहेत.

९ मार्च

आजची नोंद सविस्तर लिहून ठेवणे भाग आहे.

देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे आवारातल्या निवासगृहात, बाराही जणी जमल्या होत्या. माईंसह आठ जणी मांडावरच्याच, उरलेल्या चार त्यांच्या सुना-मुली. पहिला खंड हार्मोनियमवर वाजवून दाखवला आणि सूचना दिली की अलीकडच्या रांगेने बाराव्या मात्रेला थांबावे, दोन मात्रा शांत जाऊ द्याव्यात आणि मग पलीकडच्या रांगेने पहिला शब्द गाळून उत्तर द्यावे. पहिल्या रांगेने ओळ म्हटली आणि सांगितल्याप्रमाणे त्या थांबल्या. दुसरी रांग सुरूच झाली नाही. पुन्हा केले, तरी तेच. तिसऱ्यांदा मी हाताने इशारा दिला तेव्हा सहापैकी दोघींनी ओळ उचलली, चौघी अडल्या आणि पावले एकमेकींत गुंतली. वीस-पंचवीस वर्षे हे गाणे म्हणणाऱ्या बायका स्वतःच्याच गाण्यात अडखळत होत्या, आणि त्या इतक्या संकोचल्या की एकीने माझी क्षमा मागितली. ते मला अजून लागून राहिले आहे.

मी मात्रा पुन्हा मोजून दाखवू लागलो तेव्हा माईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवले. त्या म्हणाल्या, “तुम्ही आम्हांला थांबायला सांगता. आम्ही तिथे कधी थांबत नाही. त्यांनी ओळ झेलली की मगच आमची सुटते.” मग मला हाताला धरून त्यांनी दोन्ही रांगांच्या बरोबर मधोमध उभे केले आणि बायकांना नेहमीसारखे म्हणायला सांगितले.

मधे उभे राहून जे ऐकले ते माझ्या कागदावर नव्हते. पुढची रांग वाकते तेव्हा ओळीचा शेवटचा स्वर धरून ठेवते, चांगला दोन मात्रा. त्याच दोन मात्रांत समोरची रांग पहिला शब्द उच्चारते, पण वाकण्याच्या तयारीत, खालच्या आवाजात. त्या रांगेचा शब्द पक्का पडला की या रांगेचा स्वर सुटतो. दोन्ही रांगांची ओळ चौदा मात्रांचीच आहे, दर बारा मात्रांनी नवी ओळ सुरू होते आणि प्रत्येक सांध्यावर दोन मात्रा दोघींच्या असतात. कोणताही शब्द गळलेला नाही. गाण्यात कुठेही विश्रांती नाही.

माझ्या मायक्रोफोनने अलीकडची रांग जवळून ऐकली. तिचा धरलेला स्वर मला ओळीची शेपटी वाटली, म्हणून मी तिथे विश्रांती लिहिली, आणि त्याच स्वराखाली पलीकडच्या रांगेचा पहिला शब्द बुडाला, म्हणून तो गळला असे लिहिले. बारा-दोन-दहा हे आकडे वायरच्या लांबीने तयार केले होते.

१० मार्च

जानेवारीचे ध्वनिमुद्रण हेडफोन लावून निम्म्या वेगाने पुन्हा ऐकले. पलीकडचा शब्द तिथे आहे. एकदा कळल्यावर तो दर वेळी ऐकू येतो, अगदी पुसट, पण प्रत्येक सांध्यावर. सातही गाण्यांचे लेखन रद्द केले.

बार्टोक स्वतःच्या जुन्या सिलिंडरांकडे वर्षानुवर्षे परत जात आणि आधीचे लेखन दुरुस्त करत. हे मी महिनाभरापूर्वी एका वाक्यात लिहून पुढे गेलो होतो. ते वाक्य आता पूर्ण पान होईल. संगीतकार पर्सी ग्रेंजर यांनी १९०६ मध्ये इंग्लंडच्या लिंकनशरमध्ये फोनोग्राफवर गाणी मुद्रित केली, तेव्हा एकच गायक प्रत्येक कडव्यात चाल बदलतो हे त्यांना दिसले आणि त्यांनी कडवी वेगवेगळी लिहून काढली. एक “शुद्ध” चाल काढून बाकीच्या टाकून देण्याची सोय त्यांनी नाकारली. यंत्राने त्यांना अधिक ऐकवले आणि मला कमी ऐकवले. फरक यंत्रात नव्हता, ते कुठे ठेवले यात होता.

२२ मार्च

शिगमो, म्हणजे इथला होळीचा सण. ढोल-ताशांमुळे गायिका आणि वादक कोणीच मोकळे नाहीत. तालीम नाही.

६ एप्रिल

कोमितास यांच्यावरचे प्रकरण घेतले आणि ते पुस्तकात पहिल्या स्थानी आणले. १८६९ मध्ये ऑटोमन साम्राज्यातील क्युताह्या येथे जन्मलेले, लहानपणीच पोरके झालेले आणि एच्मियाद्झिनच्या मठात वाढलेले हे आर्मेनियन धर्मगुरू १८९६ ते १८९९ या काळात बर्लिनला संगीतशास्त्र शिकून परतले, आणि आर्मेनियन गाण्यांबरोबर कुर्दी गाणीही टिपत गावोगाव फिरले. १९१५ च्या एप्रिलमध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये त्यांना अटक होऊन हद्दपार केले गेले. ते जिवंत परतले, पण मन सावरले नाही, रचना थांबली, आणि १९३५ मध्ये पॅरिसजवळच्या रुग्णालयात त्यांचा अंत झाला.

आर्मेनियातल्या लोरी भागातील नांगरणीच्या गाण्याचा त्यांनी केलेला अभ्यास मी विद्यार्थ्यांपुढे सर्वांत आधी ठेवू इच्छितो. नांगराला बैलांच्या अनेक जोड्या जुंपलेल्या असत आणि माणसेही बरीच असत. गाणे त्यांच्यात फिरत असे आणि मधेच बैलांना हाका, आरोळ्या येत. कोमितास यांनी हाका गाळून चाल वेगळी काढली नाही. कोण कोणाला उद्देशून म्हणतो, नांगर वळतो तेव्हा काय होते, आरोळी स्वरात कशी विरते, हे सगळे गाण्याचाच भाग म्हणून त्यांनी लिहिले. मार्चपूर्वी हे वाचले असते तर मी त्याला समाजशास्त्रीय टिपण म्हटले असते. आता मला ते काटेकोर स्वरलेखन वाटते, कारण ओळ कोणाच्या हातून कोणाच्या हातात जाते हे ठाऊक नसेल तर तिची लांबीसुद्धा चुकते.

२७ एप्रिल

पहिला खंड नव्याने लिहून झाला. दोन रांगांना दोन स्वतंत्र स्टाफ दिले आहेत आणि दोघींना मिळून एक आवर्तन लिहिलेले नाही. प्रत्येक रांगेची सम आपापली, कारण एकीची तेरावी मात्रा ही दुसरीची पहिली असते. भातखंडे लिपीत दोन ओळी एकाखाली एक घेऊन सांध्याच्या दोन मात्रांभोवती चौकट केली आहे. व्हायोलिन पुढच्या रांगेबरोबर आणि चेलो समोरच्या रांगेबरोबर आहे. शेवटचा स्वर धरायचा तो समोरच्या वाद्याचा गज तारेवर पक्का बसेपर्यंत. मात्रा मोजून सोडायचा नाही.

दोन गोष्टी काढून टाकल्या. एक, या खंडातले घुमट. मांडावर वाद्य नव्हते आणि पावलांचा आवाज पुरेसा आहे. दुसरी, लिथुएनियाचे घासणारे स्वर. ते काढताना जिवावर आले, कारण ऐकायला ते सर्वांत आकर्षक होते. पण ते स्वर त्या बायकांच्या कानात घडलेले आहेत आणि धालोवर ते वरून लावलेल्या रंगासारखे बसत होते. दोन्हीकडे खरोखर सारखे असलेले तत्त्व, म्हणजे एक आवाज सुटण्याआधी दुसरा लागलेला असणे, ते तर धालोत आधीपासून होते आणि नेमके तेच मी खोडले होते. सुतार्तिनेसमुळे मला धालो कळला नाही. धालो कळल्यावर मात्र सुतार्तिनेस अधिक कळल्या, आणि पुस्तकात दोन्ही प्रकरणे त्याच क्रमाने येतील.

१८ मे

केरीहून परतताना त्या गावच्या गायिका केसरबाई केरकरांची आठवण येणे स्वाभाविक होते. १९७७ मध्ये व्हॉयेजर या अंतराळयानांवर पाठवलेल्या सोनेरी तबकडीत त्यांची भैरवी आहे, आणि तिच्या सोबतीला जॉर्जियाचे पुरुषांचे बहुस्वरी गायन, बल्गेरियातल्या डोंगराळ भागाचे गाणे आणि पेरूच्या बासऱ्या आहेत. ‘व्हॉयेजर १’ हे यान ५ सप्टेंबरला झेपावले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. फोंडा तालुक्यातल्या एका गावचा आवाज इतक्या दूर गेला याचा मला लहानपणापासून अभिमान आहे. रचनाकार म्हणून मात्र एवढे नोंदवावेसे वाटते की त्या तबकडीवर गाणी एकापाठोपाठ एक येतात, एक संपते आणि दुसरे लागते. जपणुकीसाठी ते योग्यच आहे. रचनेला तेवढे पुरत नाही. पुस्तकाच्या पहिल्या मसुद्यात मीही देशांची प्रकरणे अशीच ओळीने मांडली होती. आता प्रकरणे देशांनुसार न करता, ओळ कशी दिली-घेतली जाते त्यानुसार केली आहेत.

२२ जून

दुसऱ्या खंडाची तालीम. व्हायोलिनवादक दक्षिण गोव्यातल्या सासष्टीचे आहेत, घरातच मांडो ऐकत आणि लहानपणीच सोल्फेज (पाश्चात्त्य पद्धतीचे स्वरवाचन) शिकत वाढलेले. घुमट वाजवणारे काका फोंड्याचे, गणेश चवथीच्या आरत्यांत हात तयार झालेला, नोटेशनशी संबंध नाही. मांडो संथ सहा-चारचा, दोन आवाज बहुधा तिसऱ्या स्वराच्या अंतराने जोडीने जाणारे. दुलपद सहा-आठचे आणि चपळ. काकांना दोन्ही सहा मात्रांची, म्हणून दादऱ्याच्या घरातली वाटली आणि त्यांनी लय सरळ धरली. मांडोत मात्र शब्दाच्या ओढीने लय ताणली जाते, व्हायोलिन मागे रेंगाळत होते आणि घुमट पुढे पोचत होते. उपाय काकांनीच काढला. बोटांचे बोल कमी करून त्यांनी डावा तळवा घुमटाच्या मागच्या उघड्या तोंडावर ठेवला आणि शब्द संपेपर्यंत तो हळूहळू उचलत नेला. मडक्यातली हवा मोकळी होत जाते आणि नाद खालून वर फुगतो. गायिकेचा शब्द सुटला की तळवाही सुटतो. ही युक्ती लिहायला चिन्ह नव्हते. गोलाचे हळूहळू उघडणारे चिन्ह तयार करून स्वरलिपीत घातले.

पावसामुळे चामडे सैल पडते आहे. पूर्वी घुमटाला घोरपडीचे कातडे असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे आणि आता बकऱ्याचे कातडे लावतात. ते दमट हवेत लवकर उतरते, म्हणून दर अर्ध्या तासाने निखाऱ्याच्या शेगडीवर धरावे लागले. तालमीच्या वेळापत्रकात हे थांबे धरले आहेत.

१३ जुलै

सभागृहाची मिळालेली तारीख रद्द झाल्याचे पत्र आले, कारण दिलेले नाही. प्रयोग अग्रशाळेतच करायचा. तिथे दोन रांगा समोरासमोर उभ्या राहू शकतात, रंगमंचावर त्यांना प्रेक्षकांकडे वळावे लागले असते.

३० ऑगस्ट

चवथ. काकांच्या घरी आरत्या. घुमट, शामेळ आणि कासाळे (झांजा) एकदम सुटतात तेव्हा माजघराच्या भिंती वाजतात. तिसऱ्या खंडातले माझे शामेळाचे बोल फार दाट झाले आहेत, हे पहिल्या आरतीतच कळले. निम्मे कमी केले. नंतर बायकांनी फुगडी धरली. वाद्याची साथ नाही, अखेरीस तोंडाने “फू, फू” असा श्वास टाकत वेग वाढतो. सांध्यावर श्वास कसा वापरला जातो हे इथेही पाहण्यासारखे आहे, पण या प्रकल्पात आणखी काही घालणार नाही.

१४ सप्टेंबर

प्रयोग झाला. श्रोत्यांना दोन्ही रांगांच्या मागे आणि काहींना मधल्या पट्ट्याच्या दोन टोकांना बसवले होते. पहिल्या खंडात चौथ्या ओळीनंतर चेलोवादकाने सवयीने मात्रा मोजून स्वर सोडला. त्याच्या समोरच्या रांगेतल्या माईंनी त्याच्याकडे पाहिले आणि पुढची ओळ मुद्दाम अर्धी मात्रा लवकर उचलली. त्यानंतर एकही सांधा उघडा पडला नाही. तिसरा खंड अपेक्षेपेक्षा लांबला, तो थोडा कापावा लागेल.

२८ सप्टेंबर

संहितेचे पहिले पान छपाईसाठी तयार केले. रचनाकाराच्या नावाखाली बाराही जणींची नावे, ज्या रांगेत ज्या क्रमाने उभ्या राहतात त्याच क्रमाने, दोन स्तंभांत समोरासमोर येतील. मांड जागवण्याचे गीत रचनेत नाही आणि का नाही तेही तिथे एका वाक्यात लिहिले आहे. ते वाक्य माईंना वाचून दाखवले. त्यांनी “परवानगी नव्हती” हे शब्द काढायला सांगितले आणि “ते गीत मांडावरच म्हटले जाते” असे लिहायला लावले. तसेच ठेवले आहे.

रद्द केलेल्या सात गाण्यांपैकी तीन गाण्यांचे लेखन मधे उभे राहून पुन्हा झाले. उरलेली चार पौषात. वीस मीटर वायर घेतली.